‘पैकी’च्या आधी काय आहे?

दहावीच्या गणितात संभाव्यता भेटते ती नाणी, फासे आणि पत्ते यांच्या संगतीने. या तिघांचे एक बरे असते, छेदाची काळजी करावी लागत नाही. फाशाला सहा बाजू, कॅटात बावन्न पत्ते. छेद प्रश्न वाचायच्या आधीच ठरलेला. विद्यार्थ्याचे सगळे लक्ष अंशावर, म्हणजे राजे किती, लाल पत्ते किती, सम अंक किती हे मोजण्यावर. ही सवय अंगवळणी पडते आणि पुढे नडते. स्पर्धा परीक्षेत किंवा संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षी समोर दुहेरी तक्ता येतो, त्यात मोजायचे काही उरलेलेच नसते, सगळे आकडे आयते मांडलेले असतात, तरीही उत्तर चुकते. भागाकार चुकत नाही, छेद चुकतो. दुहेरी तक्त्यातून साधी संभाव्यता काढण्यात गणित आहे ते एका भागाकाराएवढे, बाकी सगळे काम प्रश्नाची भाषा नीट वाचण्याचे आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि या कामासाठी मराठीकडे एक आयता शब्द आहे: ‘पैकी’.

दुहेरी तक्ता म्हणजे एकाच समुदायाची दोन प्रकारे केलेली वाटणी, एक वाटणी आडव्या ओळींत आणि दुसरी उभ्या रकान्यांत. इंग्रजीतून आलेले ‘कंटिंजन्सी टेबल’ हे नाव भारदस्त वाटते. त्यातला ‘कंटिंजन्सी’ हा शब्द कार्ल पिअर्सन यांच्या १९०४ सालच्या लेखातून संख्याशास्त्रात आला. आपण दुहेरी तक्ताच म्हणू. उदाहरणासाठी मनाने रचलेले आकडे घेण्यापेक्षा खरे आकडे घ्यावेत, कारण खऱ्या आकड्यांत अशा खोड्या असतात की ज्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला सुचत नाहीत. टायटॅनिक हे जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळले आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाले. ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्यापुढे त्याची चौकशी झाली. त्या चौकशीच्या अहवालातले आकडे असे मांडता येतात. (नंतरच्या अभ्यासकांच्या याद्यांत पाच-सात माणसांचा फरक पडतो, आपल्या कामाला त्याने बाधा येत नाही.)

| | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७८ | ५२८ | ७०६ |
| कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

(‘दगावले’ म्हटले आहे, ‘बुडाले’ नाही, त्या रात्री समुद्राचे पाणी शून्याच्याही खाली गेलेले होते आणि बरेच जण पाण्यात पडल्यावर थंडीनेच गेले.) तक्ता हाती आला की प्रश्नाकडे वळण्याआधी बेरजा पडताळून घ्याव्यात, आडव्या आणि उभ्या दोन्ही. प्रश्नपत्रिकेत कित्येकदा एखादे घर मुद्दाम कोरे ठेवलेले असते आणि ते या बेरजांवरूनच भरायचे असते. आत आठ घरे आहेत; प्रत्येक घरात दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असलेली माणसे बसली आहेत. २०३ च्या घरात पहिल्या वर्गाची आणि शिवाय वाचलेली माणसे आहेत. उजव्या कडेला आणि तळाला एकाच गोष्टीची दखल घेणाऱ्या बेरजा आहेत, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात सगळे मिळून २२०१. छेद म्हणून यातला नेमका कोणता आकडा घ्यायचा, एवढाच आपला प्रश्न आहे.

त्याआधी एक आक्षेप निकालात काढायला हवा, कारण तो विचारी विद्यार्थ्यालाच पडतो. जे शंभर वर्षांपूर्वी घडून गेले त्याची संभाव्यता कसली? जो वाचला तो वाचला, जो गेला तो गेला. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर असे की आपण त्या रात्रीबद्दल भाकीत करत नाही आहोत. २२०१ जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत टाकल्या, नीट घुसळल्या आणि न बघता एक उचलली, असे आपण मानतो. अनिश्चित आहे ते चिठ्ठी कोणाची निघेल एवढेच. प्रश्नात ‘यादृच्छिक पद्धतीने एक व्यक्ती निवडली’ असे लिहिलेले असते ते याच कारणाने, ती शोभेची ओळ नव्हे. हे मानले की संभाव्यता आणि प्रमाण ही एकाच आकड्याची दोन नावे होतात. उद्या दुसरे एखादे जहाज बुडाले तर त्यावरच्या माणसाची वाचण्याची संभाव्यताही हीच, असे मात्र या तक्त्यातून कोणी काढू नये.

आता २०३ या एकाच घराकडे पाहू. पहिला प्रश्न, उचललेली चिठ्ठी पहिल्या वर्गातल्या आणि वाचलेल्या माणसाची असण्याची संभाव्यता किती? दुसरा, पहिल्या वर्गातला प्रवासी वाचलेला असण्याची संभाव्यता किती? तिसरा, वाचलेला माणूस पहिल्या वर्गातला असण्याची संभाव्यता किती? तिन्ही प्रश्नांत तेच दोन शब्द आहेत, ‘पहिला वर्ग’ आणि ‘वाचणे’. अंशही तोच, २०३. पण पहिल्याचे उत्तर २०३ भागिले २२०१, म्हणजे ०.०९२, दुसऱ्याचे २०३ भागिले ३२५, म्हणजे ०.६२५, आणि तिसऱ्याचे २०३ भागिले ७११, म्हणजे ०.२८६. नऊ टक्के, साडेबासष्ट टक्के आणि साडेअठ्ठावीस टक्के, एवढे अंतर फक्त छेदामुळे पडले आहे. इथे ‘पैकी’ कामी येतो. प्रश्न कसाही विचारलेला असो, तो आधी मनात ‘पैकी’ घालून पुन्हा मांडावा. जहाजावरच्या सगळ्यांपैकी किती जण पहिल्या वर्गातले असून वाचले? पहिल्या वर्गातल्यांपैकी किती वाचले? वाचलेल्यांपैकी किती पहिल्या वर्गातले? ‘पैकी’च्या आधी जे येते तो छेद, नंतर जे येते तो अंश. मग तक्त्यावर हात ठेवून ‘पैकी’च्या आधीची ओळ किंवा रकाना सोडून बाकी सगळे झाकून टाकावे. हे खरेच हाताने करावे. ‘पहिल्या वर्गातल्यांपैकी’ म्हटले की वरची ओळ तेवढी उघडी राहते, २०३, १२२, ३२५, आणि मग ७११ किंवा २२०१ ने भागायची इच्छाच होत नाही, कारण ते आकडे दिसतच नाहीत. पुस्तकात ज्याला सशर्त संभाव्यता म्हणतात ती एवढीच गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणेल, परीक्षेतल्या प्रश्नात ‘पैकी’ लिहिलेला असेलच असे कुठे आहे? बरोबर, बहुधा नसतोच. पण त्याच्या खुणा असतात. ‘निवडलेली व्यक्ती तिसऱ्या वर्गातली असेल तर’, ‘तिसऱ्या वर्गातली असल्यास’, ‘ती तिसऱ्या वर्गातली आहे हे माहीत असताना’, या सगळ्यांतला ‘तर’, ‘-ल्यास’ आणि ‘माहीत असताना’ हे ‘पैकी’चेच वेषांतर आहे, अट ज्या शब्दांत आली ते शब्द ‘पैकी’च्या आधी जातात. अट नसेल आणि ‘आणि’, ‘असून’ किंवा ‘शिवाय’ असेल, तर ‘पैकी’च्या आधी सगळे २२०१ आले. खरी अडचण होते ती मोघम लिहिलेल्या वाक्याची. ‘पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांचे प्रमाण किती?’ या वाक्याचे तीनही अर्थ निघू शकतात, आणि असे वाक्य रचणाऱ्याला दोष द्यावा, सोडवणाऱ्याला नाही. अशा वेळी आपण कोणता अर्थ घेतला ते ‘पैकी’ वापरून एका ओळीत लिहावे आणि मग उत्तर काढावे.

चुकीचा छेद घेऊनही उत्तर जवळपास बरोबर येण्याचा धोका याच तक्त्यात दडला आहे. तिसऱ्या वर्गातल्यांपैकी वाचले १७८ भागिले ७०६, म्हणजे २५.२ टक्के. वाचलेल्यांपैकी तिसऱ्या वर्गातले १७८ भागिले ७११, म्हणजे २५.० टक्के. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी, कारण तिसऱ्या वर्गातले एकूण प्रवासी आणि एकूण वाचलेले लोक योगायोगाने जवळजवळ तेवढेच निघाले. या ओळीवर सराव करणाऱ्याला वाटेल की छेद कोणताही घेतला तरी चालते. सराव पहिल्या वर्गाच्या ओळीवर करावा.

‘किंवा’चा प्रश्न तुलनेने सोपा आहे आणि त्यात एकच खड्डा आहे. पहिल्या वर्गातला किंवा वाचलेला माणूस निघण्याची संभाव्यता काढताना ३२५ आणि ७११ यांची बेरीज केली की २०३ माणसे दोनदा मोजली जातात. एकदा आडव्या ओळीत, एकदा उभ्या रकान्यात. ती एकदा वजा केली की ८३३ उरतात, आणि ८३३ भागिले २२०१ म्हणजे ०.३७८. शंका असेल तर उलट बाजूने यावे. पहिल्या वर्गातलेही नाहीत आणि वाचलेही नाहीत ते १६७, ५२८ आणि ६७३, म्हणजे १३६८. ते २२०१ मधून गेले की पुन्हा ८३३.

याहून मोठा घोटाळा होतो तो अर्थ लावताना. त्याच अहवालातले आकडे स्त्री-पुरुष असे मांडले तर जहाजावर लहान मुलींसह ४७० स्त्रिया होत्या, त्यांतल्या ३४४ वाचल्या. मुलग्यांसह १७३१ पुरुष होते, त्यांतले ३६७ वाचले. म्हणजे वाचलेल्या ७११ जणांपैकी ५१.६ टक्के पुरुष. यावरून कोणी म्हणाले की ‘आधी बायका-मुले’ ही टायटॅनिकची कथा खोटी, कारण वाचलेल्यांत निम्म्याहून जास्त पुरुषच निघाले, तर आकड्यात चूक नाही, छेदात आहे. कथेचा प्रश्न आहे तो स्त्रियांपैकी किती वाचल्या आणि पुरुषांपैकी किती, आणि त्याचे उत्तर ७३.२ टक्के आणि २१.२ टक्के. पुरुष वाचलेल्यांत जास्त दिसतात, कारण ते जहाजावरच पावणेचारपट होते. हाच घोटाळा रोज कुठे ना कुठे होतो. एखाद्या गावात जवळजवळ सगळेच हेल्मेट घालत असतील, तर अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वारांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट निघणारच. त्यावरून हेल्मेट निरुपयोगी ठरवणारा माणूस छेद उलटा धरून बसलेला असतो. हेल्मेट घातलेल्यांपैकी किती दगावले आणि न घातलेल्यांपैकी किती, हे त्याने विचारलेलेच नसते.

नुसते आकडे बोलतातच की, टक्के कशाला हवेत, असाही एक सूर असतो. कर्मचारी वाचले २१२ आणि पहिल्या वर्गातले २०३, म्हणजे कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला, असे त्या सुरात म्हणता येईल. पण कर्मचारी होते ८८५. त्यांच्यापैकी २४.० टक्के वाचले, पहिल्या वर्गातल्यांपैकी ६२.५ टक्के. टक्के काढले की मग त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो, तोही आवरावा. ६२.५, ४१.४, २५.२ आणि २४.० यांना चाराने भागले तर ३८ टक्क्यांच्या वर आकडा येतो. जहाजावरच्या सगळ्यांपैकी वाचले मात्र ३२.३ टक्केच. गट लहान-मोठे असताना त्यांच्या टक्क्यांची साधी सरासरी काहीच सांगत नाही. त्याऐवजी दुसरा एक हिशेब करून पाहावा. वर्गाचा आणि वाचण्याचा काही संबंध नसता, तर प्रत्येक वर्गातले ३२.३ टक्केच वाचायला हवे होते. ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण, असा तो हिशेब. पहिल्या वर्गातून साधारण १०५ वाचायला हवे होते, वाचले २०३. तिसऱ्या वर्गातून साधारण २२८ वाचायला हवे होते, वाचले १७८. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे तपासायचे म्हणजे हेच करायचे. सूत्र पाठ नसले तरी हा विचार पाठ असला की पुरे.

तर मग तिसऱ्या वर्गावर अन्याय झाला हे तक्त्याने सिद्ध केले का? नाही. तक्त्याने फरक दाखवला, कारण दाखवले नाही. मर्सी यांच्या अहवालापुढे हेच आकडे होते आणि तरीही तिसऱ्या वर्गाशी दुजाभाव झाला नाही असा निष्कर्ष त्यात काढला गेला. जहाज सोडायची नाखुषी, सामान सोडवेना, राहण्याच्या जागा जहाजाच्या अगदी टोकांना आणि तिथून वर बोटींपर्यंत आणणे अवघड, अशी कारणे त्यात दिली आहेत. त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती, हे ध्यानात घेतले की तो निष्कर्ष मला तरी अपुरा वाटतो. राहायच्या जागाच मुळात अशा का होत्या, हाही प्रश्न उरतोच. पण माझे हे मत साक्षींच्या त्या उणिवेवरून बनले आहे, ०.२५२ या आकड्यावरून नाही, आणि हा भेद राखणे हा संभाव्यता वाचण्याचाच भाग आहे.

शेवटी या तक्त्यातली सगळ्यात गमतीची जागा. तिसऱ्या वर्गातल्यांपैकी वाचले २५.२ टक्के, कर्मचाऱ्यांपैकी २४.० टक्के. किंचित का होईना, तिसरा वर्ग पुढे. आता दोन्ही गट स्त्री-पुरुष असे फोडा. तिसऱ्या वर्गातल्या ५१० पुरुषांपैकी ८८ वाचले, म्हणजे १७.३ टक्के, कर्मचाऱ्यांतल्या ८६२ पुरुषांपैकी १९२, म्हणजे २२.३ टक्के. तिसऱ्या वर्गातल्या १९६ स्त्रियांपैकी ९० वाचल्या, म्हणजे ४५.९ टक्के; कर्मचाऱ्यांतल्या २३ स्त्रियांपैकी २०, म्हणजे ८७.० टक्के. पुरुष पुरुषांशी ताडून पाहिले तर कर्मचारी पुढे, स्त्रिया स्त्रियांशी ताडून पाहिल्या तर कर्मचारीच पुढे, आणि दोघांची बेरीज केली की तिसरा वर्ग पुढे! पहिल्यांदा पाहणारा बेरजा पुन्हा तपासतो. बेरजा बरोबर आहेत. त्या रात्री स्त्री असणे ही वाचण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि तिसऱ्या वर्गात शंभरातल्या जवळजवळ अठ्ठावीस जणी स्त्रिया होत्या, कर्मचाऱ्यांत शंभरात तीनसुद्धा नाहीत. तिसऱ्या वर्गाची सरासरी स्त्रियांनी वर ओढली. पुरुष कर्मचारी तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांपेक्षा जास्त वाचले यातही गूढ नाही. प्रत्येक बोट वल्हवायला आणि सांभाळायला काही कर्मचारी बसवावेच लागत होते. या प्रकाराकडे उडनी यूल यांनी १९०३ मध्ये लक्ष वेधले होते, नाव मात्र लागले ते १९५१ मध्ये त्यावर लिहिणाऱ्या एडवर्ड सिम्पसन यांचे.

मग कोणता आकडा खरा, एकत्र की फोडलेला? दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पिशवीतून निघालेल्या चिठ्ठीवर ‘कर्मचारी’ एवढेच वाचता येत असेल, नाव पुसट झाले असेल, तर ८८५ पैकी २१२ हेच उत्तर. त्यापलीकडे आपल्याला काही माहीतच नाही. नावावरून ती स्त्री आहे हे कळले की ‘पैकी’च्या आधीचा गट आक्रसतो, ८८५ चे २३ होतात आणि उत्तर २४ टक्क्यांवरून एकदम ८७ वर जाते. जेवढे अधिक माहीत तेवढा छेद लहान. आणि छेद लहान होत गेला की आकडा हलका होत जातो, हेही डोळ्यांआड करू नये. त्या २३ जणींतल्या आणखी दोघी बुडत्या जहाजावर राहिल्या असत्या तर ८७ चे ७८ झाले असते. तिसऱ्या वर्गातल्या १९६ जणींत दोघींनी ४५.९ चे ४४.९ झाले असते. म्हणून उत्तराच्या कागदावर ‘०.८७’ एवढेच न लिहिता त्याच्या शेजारी ‘२३ पैकी २०’ असेही लिहून ठेवावे. तपासणाऱ्याला छेद दिसतो आणि आपल्यालाही.